चेहरा उसना देऊ नकोस

या वेळचं पत्र कसबा बावड्याहून आलंय. नाव छापत नाही. पत्र लांब होतं, थोडं आवरून देते.

"मावशी, नमस्कार. माझं वय ३४. सात वर्षं घरच्या घरी कांदा-लसूण चटणी करून विकते. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत आहेत. मागं एकदा मोबाईलवर एका सरांचा व्हिडिओ आला. 'तुझ्या हातात लाखांचा धंदा आहे, पण तुझा माइंडसेट पाच हजारांचा आहे.' ते माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटलं. रविवारचं ९९ रुपयांचं वेबिनार केलं. मग ४,९९९ चा कोर्स. मग ६०,००० चं वर्षभराचं 'सर्कल', ५,००० चे १२ हप्ते. पाच गेले, सात राहिले. घरात फक्त ४,९९९ चं माहीत आहे. रोज सकाळी आरशासमोर 'मी यशस्वी उद्योजिका आहे' असं २१ दिवस म्हणायला सांगितलं, तेही केलं. चटणी आधी महिन्याला २०-२२ किलो जायची, आताही तेवढीच जाते. ग्रुपवर विचारलं तर टीममधल्या मॅडम म्हणाल्या, कोर्समध्ये काही कमी नाही, तुमचा विश्वास कमी पडतोय. आता त्या म्हणतात, दीड मिनिटाचा व्हिडिओ करून द्या, 'तीन महिन्यांत महिना लाखाची उलाढाल झाली' असं बोला, म्हणजे तशी एनर्जी तयार होते. माझ्या नावानं जी बाई येईल तिच्यामागं ३,००० रुपये मला. चटणीपेक्षा स्वतःच कोच व्हा, असंही म्हणतात. बचत गटातली माझी शेजारीण येत्या रविवारच्या वेबिनारला बसायला तयार आहे, रोज विचारते. मी कमी पडले का? व्हिडिओ करू का? घरात कसं सांगू? मोबाईल बंदच करावा असं वाटतं, पण निम्म्या ऑर्डरी तिथूनच येतात."

पोरी,

व्हिडिओ करू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण हे वाचून होईतो त्या मॅडमचा पुन्हा फोन येईल आणि तेव्हा तुझ्याजवळ उत्तर तयार असायला हवं. 'मला जमणार नाही' एवढंच म्हण. का म्हणून विचारलं तरी तेच म्हण. तू जे कारण देशील त्यावर त्यांच्याकडे आधीच लिहून ठेवलेलं उत्तर असतं. मिस्टरांना विचारायला हवं म्हणालीस की 'स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी बाई' सुरू होतं, पैसे नाहीत म्हणालीस की हप्ता पुढं येतो. अशी उत्तरं मी स्वतः पैसे घेऊन लिहून दिलेली आहेत. त्याबद्दल पुढं सांगते.

'मी कमी पडले का?' हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलंस आणि एकदा खोडलंस. मला त्या खोडलेल्या ओळीची जास्त काळजी वाटली. मार्चच्या उन्हात लक्ष्मीपुरीत उभं राहून मिरची हातात मोडून बघायची, संकेश्वरी किती आणि ब्याडगी किती हे रंग आणि तिखट दोन्ही सांभाळून ठरवायचं, देठं खुडून रात्रभर बोटांची आग सोसायची, खोबरं, तीळ, धणे ज्याच्या त्याच्या आचेवर वेगवेगळं भाजायचं, डंकावर आपला नंबर येईपर्यंत खोकत बसायचं. हे सात वर्षं करून दर महिन्याला २०-२२ किलो माल खपवणारी बाई कमी पडलेली नाही. तुझ्याकडून पैसे घेतले आणि बदल्यात काही दिलं नाही, असं घडलंय. ते कसं घडलं हे तुला नीट कळावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण ते कळलं की स्वतःला दोष देणं आपोआप थांबेल.

'माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटलं', इथून सुरुवात झाली. आमच्या गावाकडं पहाटे अंधारात भविष्य सांगणारा पिंगळा यायचा. हातात कंदील, कुडमुडं वाजवत. ओट्याशी उभा राहून आजीला म्हणायचा, "माऊलीच्या मनात लई हाय, पर हाताला येश न्हाई. दुसऱ्याचं समद्यांचं केलंस, तुझं कुणी केलं न्हाई." आजीच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. एकदा मी त्याच्यामागून आणखी तीन घरं गेले. तिन्ही घरांत हेच शब्द, तिन्ही घरांत पदर डोळ्याला. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एक कागद दिला. हे कितपत जुळतं, पाचपैकी गुण दे, म्हणाला. सरासरी ४.२६ निघाली. मग सगळ्यांना कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर आहे, तोही बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. राबणाऱ्या कुठल्याही बाईला 'तुझी किंमत तुला कळलेली नाही' असं सांगितलं तर तिला ते आपल्याबद्दलच वाटणार, कारण ते बहुतेक खरंच असतं. पिंगळ्याला आजी सूपभर जोंधळे द्यायची आणि तो पुढच्या घरी जायचा. तुझ्याकडं आलेला माणूस पुढं गेलाच नाही. तू एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलास म्हणून मोबाईलनं तसलेच आणखी दहा आणून दिले आणि आठवडाभर दिवसातून दहा वेळा तोच पिंगळा तुझ्या दारात उभा राहिला. एवढ्या हाकांनंतर दार न उघडणारं माणूस मला तरी माहीत नाही.

मग ९९ रुपये. हे ९९ रुपये त्यांना कमाई म्हणून नको असतात, ते तुझा पहिला होकार म्हणून हवे असतात. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या दोघांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. कॅलिफोर्नियातल्या लोकांना त्यांनी विचारलं, गाड्या सावकाश चालवा असा भलामोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का? थेट विचारलं तेव्हा शंभरातल्या १७ जणांनी हो म्हटलं. काही घरांत मात्र दोन आठवडे आधी कुणीतरी येऊन याच विषयाची चिमुकली पाटी लावायची परवानगी घेऊन गेलं होतं. त्या घरांपैकी शंभरात ७६ जणांनी मोठ्या फलकालाही हो म्हटलं. लहान होकार दिला की माणूस स्वतःला 'होकार देणारा' समजायला लागतो. ९९ पासून ४,९९९ आणि तिथून ६०,००० पर्यंत तू मूर्खपणानं गेली नाहीस. आपण एकदा धरलेलं सोडत नाही, दिलेला शब्द मोडत नाही, या तुझ्या चांगल्या सवयीचा त्यांनी जिना केला.

आता माझं सांगते. हे मी फार कमी जणांना सांगितलंय.

१९९० च्या दशकात मी कोल्हापुरात जाहिरातींचा मजकूर लिहायचे. हँडबिलं, रिक्षावर भोंगा लावून ओरडायच्या ओळी, दुकानातल्या पोरांनी गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यायचं ते. एका साडीच्या दुकानासाठी मी 'शेवटचे तीन दिवस' अशी ओळ लिहिली. दसऱ्याच्या आधी सुरू झालेले ते तीन दिवस दिवाळी होऊन गेली तरी चालू होते. दर आठवड्याला मी नवं हँडबिल लिहायचे, फक्त तारीख बदलायची. एका दुपारी छापखान्यातून पुढच्या आठवड्याचा गठ्ठा घेऊन दुकानात गेले. गादीवर एक म्हातारी बसलेली, राधानगरीकडून एसटीनं आलेली. पायात चिखल वाळलेला. पदराच्या गाठीतून नोटा काढून तिनं मांडीवर सरळ केल्या, दोनदा मोजल्या. लेकीच्या लग्नाच्या साड्या होत्या. लग्न माघात होतं, घाई काहीच नव्हती. तिनं पोराला विचारलं, "आज शेवटचाच दीस हाय न्हवं? म्हणून हातउसनं घिऊन आलो." पोरानं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातल्या गठ्ठ्याची शाई अजून ओली होती, वरच्या कागदावर पुढच्या आठवड्याची तारीख होती. मी गठ्ठा उलटा धरला आणि गप्प उभी राहिले. ती पैसे देऊन गेली.

आज तीस वर्षं होत आली. त्या गाठीवरची तिची बोटं मला दिसतात. उसन्यावर तिला व्याज पडलं असेल का, बाजारात दोन दुकानं फिरून तिनं भाव केला असता तर किती वाचले असते, हे प्रश्न सुटत नाहीत. तुझ्या सरांच्या पडद्यावर 'फक्त ११ जागा शिल्लक' आणि खाली उलटं धावणारं घड्याळ होतं, असं तू लिहिलंयस. ते घड्याळ म्हणजे माझं हँडबिल. माणसाला सगळं मिळावं, फक्त विचार करायला रात्र मिळू नये, एवढ्याचसाठी ते असतं. चांगला माल विकणारा माणूस रात्रभराच्या विचाराला घाबरत नाही. तुझ्याकडं कुणी म्हणालं, घरी विचारून उद्या सांगते, तर तू म्हणतेस, बरं.

म्हणून सांगते, व्हिडिओ करू नकोस. माझा तर नुसता कागद होता, चेहरा माझा नव्हता, नाव माझं नव्हतं. तुझ्या व्हिडिओत चेहरा तुझा असेल. बावड्यात, गटात, माहेरी, चटणी नेणाऱ्या प्रत्येक घरात ओळखीचा चेहरा. त्या सरांना कोल्हापुरात कुणी ओळखत नाही, तुला ओळखतात. त्यांना नेमकं तेच विकत हवंय आणि त्याची किंमत त्यांनी माणशी ३,००० लावलीय.

आणखी एक धोका आहे, तो तुला दिसत नसेल. १९५९ साली लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं. लाकडी खुंट्या थोड्या थोड्या फिरवत बसायचं. मग त्यांना सांगितलं, बाहेर पुढचा माणूस बसलाय, त्याला सांग की काम फार मजेदार होतं. काहींना या खोट्याचे २० डॉलर दिले, काहींना १ डॉलर. नंतर विचारलं, खरंच कसं वाटलं काम? २० डॉलरवाले म्हणाले, कंटाळवाणं. १ डॉलरवाल्यांना मात्र ते काम खरंच बरं वाटायला लागलं होतं. एवढ्याशा पैशासाठी आपण खोटं बोललो हे मनाला सोसत नाही, म्हणून मन ते खोटंच खरं करून घेतं. 'लाखाची उलाढाल झाली' असं एकदा कॅमेऱ्यासमोर बोललीस की सगळ्यात आधी तूच त्यावर विश्वास ठेवायला लागशील. मग उरलेले सात हप्ते तक्रार न करता भरशील, पुढचं 'सर्कल' घेशील आणि शेजारणीला मनापासून सांगशील. ग्रुपवर तुला उत्तर देणाऱ्या त्या मॅडमही बहुतेक अशाच वाटेनं तिथवर गेल्या असतील. मला त्यांचा राग येत नाही, त्यांच्याबद्दल वाईट वाटतं.

आरशाचं आणि २१ दिवसांचंही बोलून घेते. २००९ साली कॅनडात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की ज्यांना मुळात स्वतःबद्दल कमीपणा वाटतो त्यांनी 'मी प्रेम करण्याजोगी आहे' असं घोकलं तर त्यांना न घोकणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटतं. तोंड एक म्हणतं, मन आतून नाही म्हणतं, आणि त्या दोघांच्या भांडणात माणूस आणखी खचतो. सकाळी आरशासमोरून हटल्यावर तुला रडू यायचं ना, त्याचं कारण हे असू शकतं. आणि २१ हा आकडा काही शास्त्रानं ठरवलेला नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे माणसागणिक वेगळं. जो तुला ओळखत नाही त्याला तुझे दिवस कसे सांगता येतील?

आता 'तुमचा विश्वास कमी पडतोय' या वाक्याकडं येते. मला सगळ्यात जास्त चीड याच वाक्याची आहे.

माझा धाकटा भाऊ शिवाजी पेठेतल्या एका तालमीत जायचा. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग हौद्यात उतरायचं. वस्ताद कडेला बसलेले. ते फार बोलायचे नाहीत, बघायचे. कोण डावा पाय आधी टाकतो, कुणाचा दम कुठं सुटतो, कुणाच्या घरी दूध बंद झालंय, सगळं त्यांना ठाऊक. भाऊ पडला की ते पहिल्यांदा विचारायचे, "काय चुकलं?" आणि कधी कधी स्वतःच सांगायचे, "हा डाव तुला मीच चुकीचा धरायला लावला." दोन वर्षांनी भावाचा गुडघा दुखायला लागला. एका सकाळी वस्तादांनी त्याला बाजूला घेतलं, गुडघा हातात धरून वाकवून बघितला आणि म्हणाले, "गडी झ्याक हाईस. पर ह्या गुडघ्यावर कुस्ती न्हाई व्हायची. घरी जा, धंद्याला लाग." भाऊ महिनाभर रडला. पुढं उद्यमनगरात त्यानं लेथवर काम शिकलं, आज त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि दसऱ्याला सोनं द्यायला तो आधी वस्तादांच्या घरी जायचा. वस्ताद गेले त्या वर्षापर्यंत गेला.

पोरी, 'हे तुझ्यासाठी नाही, घरी जा' असं तुझे सर कुणाला तरी म्हणाले असतील का? त्यांना तुझा गुडघा दिसतच नाही. त्यांच्या पडद्यावर तू एक आकडा आहेस. जमलं तर शिकवण मोठी, नाही जमलं तर शिकणारी खोटी, अशी ज्याची मांडणी असते तिथं चूक कधी सापडतच नाही आणि म्हणून काही सुधारतही नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हापासून तिथं जिंकलेल्या मल्लाला खांद्यावर घेऊन नाचवतात. त्याचा फोटो तालमीच्या भिंतीवर लागतो. भावासारखे जे घरी गेले त्यांचे फोटो कुठंच नाहीत. सरांच्या पानावरच्या त्या हसऱ्या बायकाही भिंतीवरचे फोटो आहेत. बाकीच्या शेकडो जणी तुझ्यासारख्या एकट्याच हप्ते मोजत असणार. आणि त्या हसणाऱ्यांनाही व्हिडिओसाठी काय बोलायला सांगितलं असेल, ते आता तुला ठाऊक आहे.

म्हणून कुणी काही पटवून सांगूच नये का? तसं माझं म्हणणं नाही. आपल्याकडं गाडगेबाबांएवढं माणसाला पटवणं क्वचितच कुणाला जमलं असेल. दिवसा गाव झाडायचे, रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. उपदेश कमी, प्रश्न जास्त. समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारायचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. देवापुढं बकरं कापू नका, पोरांना शिकवा, आणि पुन्हा पुन्हा एक गोष्ट: सणावाराला, लग्नाला कर्ज काढू नका. लोक पाया पडायला आले तर पडू द्यायचे नाहीत. आपण कुणाचे गुरू नाही म्हणायचे. त्यांच्या प्रयत्नानं धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांच्याजवळ मात्र फुटकं गाडगं आणि चिंध्यांचं पांघरूण. १९५६ साली गेले, अजून लोक त्यांचं ऐकतात. ते कर्ज काढू नका म्हणायचे आणि तुझ्या सरांनी तुला हप्ता बांधून दिला. दोघंही पटवतात, आवाजही दोघांचा गोड. पण बाबांचं ऐकून माणूस घरी गेला की त्याच्या पदरी त्याचे पैसे असायचे आणि डोक्यात स्वतःचं उत्तर.

आता व्यवहाराचं. हप्ते एकदम थांबवू नकोस. असे हप्ते म्हणजे बहुधा तिसऱ्याच कंपनीचं कर्ज असतं, सरांचं नसतं. हप्ता चुकला तर सिबिल तुझं खराब होईल. आधी कर्जाचा करार शोध. मेलवर किंवा ॲपमध्ये असेल. तो एखाद्या जाणत्याला वाचायला दे. मग सरांच्या संस्थेला लेखी कळव की जे आश्वासन दिलं ते मिळालं नाही, मला पैसे परत हवेत. फोनवर बोलू नकोस, मेलच कर. ग्रुपमधून रागानं बाहेर पडू नकोस. आधी सगळे मेसेज, 'लाखाची उलाढाल म्हणा' हा निरोप, पावत्या, बँकेचा उतारा, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दोन ठिकाणी ठेव. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन कर. तिथून भागलं नाही तर कोल्हापुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथं तक्रारीची फी नाही. दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणजे तुझ्याकडं वेळ आहे, पण तो घालवू नकोस. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही. मिळावेत म्हणून जे करता येतं ते सांगते.

व्हिडिओबद्दल कायदाही माहीत असू दे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोट्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ती करणाऱ्यावरच नाही, तर तिला दुजोरा देणाऱ्यावरही दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं दुजोरा देणाऱ्याचं मत प्रामाणिक हवं, आणि पैसे किंवा कमिशन मिळत असेल तर ते उघड सांगायला हवं. तुला घाबरवायचं नाही. पण मॅडमनी 'तशी एनर्जी तयार होते' म्हणताना हे सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

घरात सांगण्याचं तू सगळ्यात शेवटी विचारलंयस आणि मला वाटतं, तुझी झोप उडाली आहे ती त्यामुळंच. फौंड्रीतली पाळी संपवून आलेल्या माणसाला दारातच सांगू नकोस. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली, पोरं खेळायला गेली की वही घेऊन बस. आकडे आधीच लिहून ठेव. ९९, मग ४,९९९, मग ६०,०००, त्यातले २५,००० गेले, ३५,००० राहिले. कागद त्यांच्यासमोर ठेव आणि म्हण, हे मी तुमच्यापासून लपवलं, मला लपवायचं नव्हतं, भीती वाटली. सरांनी फसवलं हे दुसरं वाक्य असू दे, पहिलं नको. ते चिडतील. फौंड्रीत भट्टीसमोर उभं राहून मिळवलेला पैसा आहे, चिडायचा त्यांना हक्क आहे. त्या वेळी स्वतःची बाजू मांडू नकोस. चहा कर आणि बस. दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचार, सात हप्त्यांचं कसं करू या. त्यांना आकड्यापेक्षा तू एकटी हे घेऊन हिंडत होतीस याचं जास्त वाईट वाटेल, असं तू त्यांच्याबद्दल जे चार शब्द लिहिलेस त्यावरून मला वाटतं.

मोबाईल सोडू नकोस. तुझ्या निम्म्या ऑर्डरी तिथून येतात, तो तुझा बाजार आहे. त्या सरांना आणि तसल्या सगळ्यांना अनफॉलो कर, 'हे दाखवू नका' असा पर्याय असतो तो दाबत राहा. चार-आठ दिवसांत पुढं येणारं बदलायला लागेल. जेवणानंतर अंथरुणात फोन नको, ही पानं तळाशी संपत नाहीत अशीच बनवलेली आहेत आणि थकलेलं माणूस त्या वेळी सगळ्यात लवकर फसतं. आणि स्वतःचे व्हिडिओ कर. भाजलेल्या खोबऱ्याचा रंग दाखव, डंकाचा आवाज ऐकव, एका किलोत काय काय किती पडतं ते सांग. खपाचा आकडा सांगायची गरज नाही.

पत्राबरोबर तू तुझ्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलास. हिशेब दाखवायला पाठवला असशील, मी दुसरंच वाचत बसले. 'रुईकर कॉलनी, काकू: लसूण जास्त, तिखट कमी, त्यांना ॲसिडिटी.' 'ताराबाई पार्क: मागच्या वेळी मीठ जास्त झालं म्हणाल्या, पाव किलो बदलून दिली.' 'पुण्याची मुलगी: होस्टेलला, बरणी फुटते, पिशवीतच पाठवायची.' साठ-सत्तर घरं, प्रत्येकाच्या जिभेची नोंद. बदलून दिलेल्या पाव किलोचे पैसेही तू खर्चात धरलेस. ६०,००० घेणाऱ्यांकडं तुझ्याबद्दल अशी एक तरी ओळ लिहिलेली असेल का, हे त्यांना विचारावंसं वाटलं.

राहिली शेजारीण. तिला आज सांग, हे वाचून झाल्यावर लगेच. 'तू बसू नकोस' एवढंच सांगून ती थांबणार नाही. तू पुढं गेलीस आणि तिला अडवतेस असं तिला वाटेल. तिला घरी बोलाव, हप्त्याचा मेसेज दाखव, वहीतला आधीचा आणि नंतरचा खप दाखव, ३,००० कुणामागं मिळणार होते तेही सांग. लाज वाटेल. वाटू दे, दहा मिनिटांची आहे. ती चिडली तरी चालेल, पण तिच्या हातून ते ९९ रुपये जायच्या आधी हे तिच्या कानावर पडलं पाहिजे. रविवारला फार दिवस उरलेले नाहीत.

तुझी मावशी